एका बुटाच्या बदल्यात

मी एक जुनी फळी आहे. हो, फळीच! नाक मुरडू नका. लांबीला हातभर आणि वर चार बोटे, दोन्ही टोकांना लाल मखमलीची पट्टी, आणि पोटावर एक जाडजूड काळा बाण. फळीला कसले आलेय आत्मवृत्त, असे म्हणून तुम्ही पान उलटणार असाल, तर मित्रांनो, जरा थांबा. (मैत्रिणींनो, तुम्हीही त्यातच आलात.) मी खुर्ची नाही, बाक नाही, टेबल तर नाहीच नाही. पण या चित्रपटगृहात एके काळी खुर्चीपेक्षाही वरची जागा होती, आणि ती जागा म्हणजे मी!

माझा जन्म एका खोक्यातून झाला. खरे तर मीच त्या खोक्याची एक बाजू होते. पडद्यावर चित्र पाडणारे मोठे यंत्र त्या खोक्यात बसून आले. यंत्र बाहेर निघाले, त्याला हार घातला गेला, आणि खोके मागच्या अंगणात जाऊन पडले. माझ्या पोटावर बाण होता आणि त्याखाली लिहिले होते, 'ही बाजू वर'. मी मात्र आडवी पडले होते आणि माझ्यावर एक मांजर झोपले होते.

त्या काळी दारावर एक पोरगेलासा माणूस कामाला होता. अंधारात बॅटरी मारून लोकांना त्यांची खुर्ची दाखवायची, हे त्याचे काम. मिसरूड नुकतेच फुटले होते, तरी सगळे त्याला बॅटरीकाका म्हणत. एकदा सिनेमा सुटल्यावर त्याने एका छोट्या मुलाला सहज विचारले, "काय रे, काय पाहिलंस?"

मुलगा म्हणाला, "टक्कल!"

बॅटरीकाका आधी हसला, मग त्याच्या लक्षात आले. बिचाऱ्याने तीन तास पुढच्या माणसाचे डोकेच पाहिले होते. दुसऱ्याच दिवशी त्याने मागच्या अंगणातले खोके ओढून आणले, करवत काढली आणि आम्हा फळ्यांचा वर्ग भरला. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकायची, त्यावर मूल बसवायचे, की झाले! कुसे टोचू नयेत म्हणून त्याने मला काचकागदाने इतके घासले, की मला गुदगुल्या झाल्या. घसरू नये म्हणून फाटक्या पडद्याची मखमल टोकांना चिकटवली. शेवटी मला उलटी करून पाहिले आणि म्हणाला, "ही बाजू वर! बघ, तुझं काम आधीच लिहून ठेवलंय. वर उचलायचं."

मला माझे काम इतके आवडले, की काय सांगू!

पण एक अडचण झाली. सिनेमा संपला की लोक मला तिथेच टाकून निघून जात, आणि पुढच्या खेळाचे लोक अंधारात माझ्यावर आपटत. एकदा तर एक जाडे गृहस्थ माझ्यावरच बसले आणि म्हणाले, "आज खुर्ची उंच का वाटतेय?" तेव्हा बॅटरीकाकाने एक नियम काढला. फळी हवी असेल तर मुलाचा एक बूट दाराशी ठेवायचा. फळी परत करा, बूट घेऊन जा.

"एकच बूट का हो काका?" लोक विचारत.

"दोन ठेवलेत तर अनवाणी घरी जाल. एकच ठेवलात तर परत याल. एका बुटावर कोण किती चालणार?"

मित्रांनो, मध्यंतरात आमच्या चित्रपटगृहाचे बाहेरचे दालन कसे दिसायचे माहीत आहे? सगळी मुले लंगडी घालत असायची! एकाच पायात बूट, मग दुसरा पाय फरशीवर कशाला टेकवायचा? आया ओरडायच्या, बाप हसायचे, आणि ज्याच्यावर राज्य असेल त्याने सगळ्यांना बाद केल्याशिवाय कोणी आत यायचे नाही. सिनेमा कंटाळवाणा असला तरी मुले पुन्हा यायची. मला तर वाटते, ती लंगडीसाठीच यायची.

किती मुले माझ्यावर बसली! पडद्यावर कोणी दुष्ट माणूस आला, की ती दोन्ही हातांनी माझ्या कडा घट्ट धरत. ती पकड मला अजून आठवते. रडू आले की टपटप थेंब पडत. भूत आले की थेंब जरा जास्तच पडत, पण तो विषय नको. माझ्याखाली चिकटवलेल्या च्युइंगगमचे तर एक वेगळे आत्मवृत्त होईल. मी मात्र खूश होते. कोणी कोणाला वर उचलले, तर उचलणारी वस्तूही थोडी वर जाते, असे मला तेव्हाच कळले.

आता मी तुम्हाला घड्याळकाकांची गोष्ट सांगते. खरे म्हणजे माझे आयुष्य तिथूनच सुरू होते.

चौकात त्यांचे घड्याळ दुरुस्तीचे छोटे दुकान होते. डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर वाकून बसत. नखाएवढ्या चाकाचा दात झिजलेला असेल, तर तो त्यांना दिसे. पण नखापेक्षा मोठी कुठलीही वस्तू त्यांना दिसत नसे. छत्री, पिशवी, रुमाल, सगळे ते कुठे ना कुठे विसरून येत. एकदा त्यांनी स्वतःचे जेवणाचे रिकामे डबे एका गिऱ्हाइकाला दिले आणि त्याचे भिंतीवरचे घड्याळ घरी नेले. बायकोने डबा घासायला मागितला, तर पिशवीतून टिकटिक ऐकू आली!

त्यांना दोन गोष्टींचे भारी वेड. एक सिनेमा आणि दुसरी त्यांची लेक. लेक जागेवर म्हणून बसत नसे, सारखी गिरक्या घेई, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. दर सुट्टीच्या दिवशी दुपारच्या खेळाला दोघे येत. भिंगरी एक लाल बूट काढून बॅटरीकाकाच्या हातात देई आणि ओरडे, "बाणवाली!" तिला मीच लागे. दुसरी फळी दिली तर फुगून बसे. मी कोणाला इतकी हवी होते, हे सांगताना आजही माझी मखमल फुलते.

एका दुपारी सिनेमा बराच लांबला. भिंगरी माझ्यावर बसल्या बसल्याच वडिलांच्या खांद्यावर कलंडली आणि झोपली. गिरकी घेता घेता भिंगरी थांबते ना, अगदी तशी. सिनेमा सुटला. घड्याळकाकांचे डोळे अजून ओलेच होते, कारण शेवट फार करुण होता. त्यांनी लेकीला एका खांद्यावर घेतले. दुसऱ्या काखेत, रोज दुकानातून निघताना हत्यारांची पेटी घेतात ना, तसे मला घेतले. आणि निघाले! दारावर बॅटरीकाका नव्हता. तो एका म्हाताऱ्या बाईंना हात धरून पायऱ्या उतरवत होता. मी ओरडणार तरी कशी? मला बाण आहे, तोंड नाही.

घराचे दार भिंगरीच्या आईने उघडले. तिची नजर तेज होती आणि जीभ तिच्याहून तेज.

"झोपली वाटतं," ती म्हणाली. "आणि काखेत काय आहे?"

"पेटी."

"पेटीचं झाकण कुठाय?"

घड्याळकाकांनी खाली पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मग लेकीच्या पायाकडे पाहिले. एका पायात लाल बूट होता, दुसरा पाय उघडाच लोंबत होता.

"अरे देवा," ते म्हणाले.

"देवाला कशाला हाक मारताय, तो काय फळी पोचवायला येणार आहे? उद्या सकाळी परत करून या."

पण दुसऱ्या दिवशी दुकानात घड्याळांची रांग लागली. तिसऱ्या दिवशी राहून गेले. त्यानंतर एकदा ते मला कागदात गुंडाळून कोपऱ्यापर्यंत घेऊन गेले. पण तिथे ओळखीचे चार जण उभे होते. त्यांतल्या एकाने विचारले, "काय हो, काखेत काय?" आणि काका तसेच उलटे फिरले.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फळीसाठी एवढी लाज? पण मित्रांनो, त्यांच्या दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'काम वेळेवर मिळेल'. सगळा चौक त्यांच्या घड्याळावर आपले घड्याळ लावी. तो माणूस एका लाकडाच्या तुकड्यासाठी उशिराने दाराशी उभा राहून काय सांगणार? आठवड्याचा महिना झाला, महिन्याचे वर्ष झाले. उशीर जितका वाढला, तितकी लाज वाढली. आणि लाज जितकी वाढली, तितका उशीर वाढला. शेवटी त्यांनी चित्रपटगृहाचा रस्ताच सोडला.

"सगळ्या गावाची घड्याळं लावता," भिंगरीची आई म्हणे, "आणि स्वतःचीच वेळ चुकलेली."

"हळू बोल. पोरीला कळायला नको. तिला वाटेल बाप चोर आहे."

"चोर कसले! चोराला निदान आपण काय उचललंय ते माहीत असतं."

अशी मी त्या घरी राहिले. आणि कशी राहिले, ते ऐका! पहिल्याच दिवशी भिंगरीच्या आईने सांगून टाकले, "ही दुसऱ्याची वस्तू आहे. आपल्याकडे पाहुणी आलीय. हिच्यावर खिळा ठोकायचा नाही, हिला करवत लावायची नाही, ओली ठेवायची नाही." तेव्हापासून माझे नावच 'पाहुणी' पडले. पाहुणी असले तरी मी काम भरपूर केले. दोन पत्र्याच्या डब्यांवर मला आडवी टाकली की भिंगरीचे अभ्यासाचे टेबल तयार. तिच्या गणवेशाला इस्त्री माझ्यावर होई. गल्लीतल्या मुलांचे स्टंप मी, दुकान-दुकान खेळातला गल्ला मी, आजारपणात अंथरुणावरचा ताट ठेवायचा चौरंगही मीच. एकदा शेजारचे सुतारमामा मला हातात घेऊन म्हणाले, "झकास लाकूड आहे वहिनी. मधून कापली तर फडताळाचे दोन खण होतील."

"सुतारमामा, तुमच्या घरी पाहुणे आले की तुम्ही त्यांचे मधून दोन करता का?"

मामांनी मला हळूच खाली ठेवले.

मी तुम्हाला खरेच सांगते, स्वतःच्या मालकीच्या वस्तूंची त्या घरात इतकी काळजी नव्हती. खुर्च्यांचे पाय मोडले, डब्यांना पोचे आले. मी मात्र मखमलीसकट जशीच्या तशी. अशी जपणारी माणसे मिळाली, म्हणून मी रोज मनातल्या मनात त्यांचे आभार मानत असे.

फक्त एका गोष्टीने माझ्या लाकडाला चरे पडत. भिंगरी मोठी होत होती आणि तिला काहीच आठवत नव्हते. ती फार लहान होती ना! तिला एवढेच दिसे, की मैत्रिणींचे बाबा त्यांना सिनेमाला नेतात आणि तिचे बाबा नेत नाहीत. ती आईबरोबर जाई. आता तिला फळी लागत नव्हती. आईने मला बरोबर न्यायचे म्हटले, की काका हळूच म्हणत, "नको, मीच देईन, उद्या सकाळी." बाबांना विचारले की ते म्हणत, "दिवसभर भिंगातून बघून डोळे दुखतात गं." मग खेळ सुटायच्या वेळी ते कोपऱ्यावरच्या दिव्याखाली येऊन उभे राहत. तिथून घरापर्यंत आणि घरात आल्यावर जेवण होईपर्यंत त्यांचा एकच धोशा असे, "मग? पुढे काय झालं?" भिंगरी हातवारे करून, आवाज काढून, मरण्याचा प्रसंग तर जमिनीवर पडून सगळी गोष्ट सांगे. पुढे पुढे मात्र ती कंटाळली. "एवढं आहे तर तुम्हीच या ना बघायला," ती एकदा म्हणाली. बाबांनी भिंग डोळ्याला लावले आणि एक चालू घड्याळ उघडले.

भिंगरी शिकली, नोकरीला लागली, तिचे लग्न झाले. मुलगी झाली. तिचे नाव घरात टिकली, कारण ती जिथे चिकटेल तिथून निघत नसे. भिंगरी माहेरी येई तेव्हा आईशी तासन्‌तास बोले. बाबांशी मात्र "औषध घेतलं?" "घेतलं." "चहा हवाय?" "चालेल." एवढेच. एकदा आईने छेडले तेव्हा ती म्हणाली, "भांडण नाहीये गं काही. पण लहानपणीचं आठवायला लागलं, तर बाबांबरोबरचं काही येतच नाही डोळ्यांसमोर. मी कुठे रागावलेय? फक्त जागा रिकामी आहे." आत खाटेवर घड्याळकाका जागे होते. मी त्यांच्या खाटेखालीच होते. त्यांनी कूस बदलली, एवढे मला कळले.

आणि मग बातमी आली. भिंगरीला खूप लांब, विमानाने जावे लागेल अशा ठिकाणी नोकरी मिळाली होती. जाण्याआधी चार दिवस ती टिकलीला घेऊन राहायला आली. घरात सगळे आनंदाने बोलत होते, जरा जास्तच आनंदाने. ती जागा रिकामी ठेवूनच ती जाणार, हे मला दिसत होते, तिच्या आईला दिसत होते, आणि नखापेक्षा मोठे काही न दिसणाऱ्या काकांनाही दिसत होते.

एका दुपारी टीव्हीवर लहानपणावरचा एक सिनेमा लागला. टिकलीला सोफ्याच्या मागून काही दिसेना. घड्याळकाका उठले, खाटेखालून मला काढले, वेताच्या खुर्चीच्या हातांवर मला टाकले आणि नातीला माझ्यावर बसवले. कितीतरी वर्षांनी! टिकलीने दोन्ही हातांनी माझ्या कडा घट्ट धरल्या. मित्रांनो, तीच पकड! मी मनातल्या मनात गिरकीच घेतली.

सिनेमातली मुलगी छोटीशी होती. तिच्या वडिलांची जत्रेत खेळणी विकायची गाडी होती. सगळ्यांना खेळणी विकून झाली, की रिकाम्या गाडीवर तीच बसे. एकदा ती थकून झोपते, गाडीचे चाक मोडते, आणि वडील तिला खांद्यावर टाकून चालू लागतात. वाटेत तिच्या एका पायातली चप्पल गळून पडते. वडिलांना कळत नाही. पडद्यावर बराच वेळ फक्त तो हलणारा, उघडा, छोटासा पाय दिसत राहतो.

"आई," भिंगरी एकदम म्हणाली. तिचा आवाज वेगळाच होता. "आई, माझ्या एका पायाला गार लागत होतं."

"काय?"

"मी कोणाच्या तरी खांद्यावर होते. शर्टाला घड्याळाच्या तेलाचा वास येत होता. एका पायाला गार वारा लागत होता, दुसऱ्याला नाही. मला वाटायचं, हे स्वप्न आहे. अगं, मला नेहमी पडायचं!"

आईने टीव्हीचा आवाज बंद केला आणि नवऱ्याकडे वळली. "आता तरी बोला. का तेही उद्या सकाळी?"

घड्याळकाका उठले. "टिकली, जरा उठतेस बाळा?" त्यांनी मला उचलले, उलटी केली आणि बाण लेकीसमोर धरला. आणि मग सगळे सांगितले. बूट, काख, पेटी, कोपऱ्यावरचे चार जण, सगळे. सांगताना ते जमिनीकडे बघत होते. शाळेत उशिरा आलेला मुलगा बाईंसमोर उभा राहतो ना, तसे.

भिंगरी हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली. "फळीसाठी? बाबा, एका फळीसाठी तुम्ही सिनेमा सोडलात?"

"फळीसाठी नाही गं. लाजेसाठी."

"आणि त्या दिव्याखाली उभं राहून मला ते 'मग पुढे काय झालं'? मला वाटायचं, तुम्ही उगीच मला बरं वाटावं म्हणून विचारता."

"छे! मला बघायचा असायचा ना सिनेमा. तू सांगायचीस, मी डोळे मिटून बघायचो. तुझे सगळे सिनेमे मला पाठ आहेत." त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "त्यातला एक नंतर टीव्हीवर लागला होता. तुझा जास्त चांगला होता."

भिंगरी उठली आणि तिने बाबांच्या शर्टात नाक खुपसले, अगदी टिकलीएवढी होऊन. "अजून तोच वास येतो," ती म्हणाली. टिकली मध्ये घुसत विचारत होती, "मग? मग पुढे काय झालं?"

"पुढे उद्या सकाळी," आजी म्हणाली. "आणि या वेळी खरंच."

दुसऱ्या दिवशी आजीने माळ्यावरचा डबा उघडून एक लाल बूट काढला. तिने तो इतकी वर्षे जपला होता! आमची वरात निघाली. मला कागदात गुंडाळायचा विचार काकांच्या मनात आला होता, पण आजी म्हणाली, "उघडी न्या. पाहुणी माहेरी चाललीय." कोपऱ्यावर एकाने विचारलेच, "काय हो, काखेत काय?"

"फळी!" घड्याळकाका मोठ्याने म्हणाले. "परत द्यायला चाललोय. थोडा उशीर झालाय."

चित्रपटगृहाच्या दाराशी एक म्हातारा स्टुलावर बसला होता. मिशा पांढऱ्या, पण हातात बॅटरी तीच. त्याने डोळे बारीक केले. काकांकडे पाहिलेच नाही. माझ्याकडे पाहिले.

"बाणवाली!" तो ओरडला. "कुठे उंडारत होतीस गं इतकी वर्षं?"

काकांनी हात जोडले. "माझीच चूक. मी..."

"थांबा, थांबा." बॅटरीकाका आत गेला आणि खिळ्यावर टांगलेला एक छोटा लाल बूट घेऊन आला. त्याने तो उलटा केला, तर आतून बॅटरीचे जुने सेल खडखड करत पडले. "माफ करा, जरा वापरात घेतला होता. पण टाकला नाही. सगळे म्हणायचे, टाक. मी म्हणायचो, येईल. एका बुटावर कोण किती चालणार?"

"बाकीच्या फळ्या कुठे आहेत?" भिंगरीने विचारले.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. नव्या खुर्च्या आल्या, पेला ठेवायला भोके असलेल्या, तेव्हा आम्ही सगळ्यांना नकोशा झालो. थंडीत रखवालदारांनी एकेक करून माझ्या बहिणी शेकोटीत घातल्या. "मी रजेवर होतो," तो म्हणाला. "आलो तेव्हा राख होती. ही तेवढी राहिली, कारण ही इथे नव्हती." त्याने घड्याळकाकांचा हात हातात घेतला. "तुम्ही वेळेवर आणून दिली असतीत ना, तर हीसुद्धा गेली असती. बरं झालं, तुम्ही विसरलात."

मित्रांनो, मला डोळे असते तर तेव्हा माझी मखमल भिजली असती. ज्या उशिराने त्या माणसाची मान खाली गेली होती, त्याच उशिराने मी जिवंत होते.

शेवटची रांग बदलायची राहून गेली होती. तिथे अजून जुन्या खुर्च्या होत्या, माझ्या मापाच्या. टिकलीने ते पाहिले, ती खाली बसली, तिने बंद ओढले आणि आपला एक बूट काढून बॅटरीकाकाच्या हातात दिला. कोणी शिकवले नव्हते, फक्त गोष्ट ऐकली होती. म्हाताऱ्याने तो बूट दोन्ही हातांनी घेतला आणि रिकाम्या झालेल्या खिळ्यावर टांगला.

सिनेमा कोणता होता म्हणता? एक धांदरट माणूस तीन तास आपला चष्मा शोधत असतो आणि तो त्याच्याच डोक्यावर असतो. घड्याळकाका इतके हसले, की पुढच्या रांगेतले लोक वळून बघू लागले. पडद्यापेक्षा भिंगरी त्यांच्याकडेच बघत होती. मध्यंतरात टिकली एका पायावर उड्या मारत बाहेर गेली, आणि तिची आई, म्हणजे चांगली मोठी नोकरदार बाई, एक सँडल काढून तिच्यामागे लंगडी घालत गेली!

सिनेमा सुटला तेव्हा टिकलीने झोपेचे सोंग घेतले. पापण्या थरथरत होत्या, पण आजोबांनी ते 'ओळखले नाही' आणि तिला खांद्यावर घेतले. दारात बॅटरीकाका वाट अडवून उभा होता, एका हातात बूट, दुसरा हात पुढे. "या वेळी नाही हं!" सगळे हसले. भिंगरीने मला एकदा छातीशी धरले आणि त्याच्या हातात दिले. बूट घेतला. पण तो तिने टिकलीच्या पायात घातला नाही, हातातच ठेवला.

पायऱ्या उतरताना मला टिकलीचा आवाज ऐकू आला. सोंग विसरून ती कुजबुजत होती, "आई, पायाला गार लागतंय."

"लागू दे थोडं," भिंगरी म्हणाली. "पुढे आठवतं."

त्यानंतर ती विमानाने दूर गेली. पण दर सुट्टीच्या दिवशी घड्याळकाका इथे येतात, शेवटच्या रांगेत बसतात, आणि सिनेमा संपला की दिव्याखाली उभे राहून फोनवर सगळी गोष्ट सांगतात. पलीकडून दोन आवाज येतात, एक मोठा, एक छोटा: "मग? पुढे काय झालं?"

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. कोणाची वस्तू तुमच्याकडे राहिली असेल, तर तिला पाहुणीसारखी जपा आणि मग परत करा. उशीर झाला म्हणून आणखी उशीर करू नका. दार उघडणारा माणूस बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा जास्त आनंदी होतो. आणि घरातले मोठे माणूस कधी काही मागचे सांगू लागले, तर मध्येच उठू नका.

इकडे कधी आलात तर मला भेटा. मी दाराजवळ खिळ्यावर आहे, बाणाची बाजू वर. आता मी एकटीच उरले आहे, त्यामुळे मुलांची थोडी भांडणे होतात, पण बॅटरीकाका आळीपाळीने देतो. फक्त येताना दोन्ही बूट घालून या. एक ठेवायला लागतो.